पासिंग झालेली गाडी रस्त्यावर का अडते? छोट्या ट्रकमालकांसाठी तपासणीची तयारी, सोप्या भाषेत

२०२३ साली परिवहन विभागाने समृद्धी महामार्गाच्या प्रवेशावरच गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली. टायर घासलेला दिसला की गाडी परत. तेव्हा आपल्या विदर्भातल्या ट्रकमालकांच्या तोंडी एकच प्रश्न होता, "पासिंग तं झालंच हाय ना भाऊ, मंग गाडी कायले अडवते?" तो प्रश्न अजून तसाच आहे. जानेवारीतलं रस्ता सुरक्षा अभियान आलं, कापूस-सोयाबीनचा हंगाम लागला किंवा कुठे मोठा अपघात झाला, की तपासणी वाढते. मग मोबाइलवर चलानाचा मेसेज येतो आणि मालक चालकावर, चालक मालकावर खापर फोडतो.

वणीचा कोळसा, गडचांदूरचं सिमेंट, हिंगणघाटच्या गाठी, वरुडची संत्री वाहणाऱ्या, पण चार-सहा, फार तर दहा गाड्या असलेल्या मालकांसाठी हा लेख आहे. त्यांच्याकडे स्वतःचं वर्कशॉप नसतं, कागद सांभाळायला वेगळा माणूस नसतो. फाइल घरात कपाटावर आणि गाड्या पंपाच्या आवारात. माझं सांगणं एवढंच आहे की तपासणीची तयारी आदल्या रात्री, गाडी अड्ड्यावर लावताना होते, आणि ती करवून घेणं हे मालकाचं काम आहे. रस्त्यावर चालकाच्या हातात फारसं काही उरत नाही.

गाडी थांबवतं कोण?

महामार्गावर थांबवणारे तीन वेगवेगळे लोक असतात आणि तिघांचे विषय वेगळे. महामार्ग पोलीस किंवा वाहतूक पोलीस प्रामुख्याने लायसन्स, वेग, दारू, सीटबेल्ट पाहतात. जीएसटीचं पथक मालाचं बिल आणि ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठी ऑनलाइन काढलेला कागद, मागतं. तिसरं असतं वायुवेग पथक, म्हणजे आरटीओचं फिरतं तपासणी पथक. त्यात मोटार वाहन निरीक्षक किंवा सहायक निरीक्षक असतो. गाडीखाली वाकून ब्रेक आणि पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) पाहणारा माणूस हाच.

मोटार वाहन कायदा १९८८चा, त्याखालचे केंद्रीय नियम १९८९चे. २०१९च्या दुरुस्तीने दंड कित्येक पटींनी वाढले आणि महाराष्ट्रात वाढीव दंडाची अंमलबजावणी डिसेंबर २०२१ पासून सुरू झाली. पुढे दंडाचे जे आकडे येतात ते कायद्यातले आहेत.

पासिंग नेमकं काय सांगतं?

आपण ज्याला पासिंग म्हणतो त्याचं कागदावरचं नाव योग्यता प्रमाणपत्र. नव्या मालवाहू गाडीला ते दोन वर्षांचं असतं. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी ते नवं करून घ्यावं लागतं.

किराणा दुकानातल्या तराजूवर वैधमापन विभागाचा शिक्का असतो. शिक्का मारला त्या दिवशी तराजू बरोबर होता, एवढंच तो शिक्का सांगतो. पुढे पारडं वाकलं, काट्याला गंज चढला, तर शिक्का असूनही गिऱ्हाईक नाडलं जातं. निरीक्षक आला तर तो शिक्का पाहून परत जात नाही, वजन ठेवून पाहतो. पासिंगचंही तसंच. कायद्याच्या कलम ५६ नुसार गाडी नियमांत बसत नाही असं आढळलं, तर मुदत शिल्लक असतानाही कारणं लिहून हे प्रमाणपत्र रद्द करता येतं. म्हणून "पासिंग मार्चपर्यंत आहे" हे उत्तर घासून गुळगुळीत झालेल्या गोटा टायरला लागू पडत नाही.

पासिंगच्या दिवशी शेजारच्या गाडीचे टायर चढवायचे, नवा टेप चिकटवायचा आणि परत आल्यावर सगळं पूर्ववत करायचं, ही पद्धत आपल्याकडे आहे. ती सरळ सरळ घातक आहे. त्या प्रमाणपत्रावर विसंबून आपला चालक रात्री दोन वाजता घाट उतरत असतो.

कागद: तारखा सांभाळल्या की काम झालं

आरसी, पासिंग, विमा, परमिट, कराची पावती, पीयूसी आणि चालकाचं लायसन्स. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या अॅपवरचे कागद नियमाने ग्राह्य आहेत, त्यामुळे मूळ फाइल गाडीत ठेवून हरवायची गरज नाही. पण एटापल्लीच्या किंवा मेळघाटातल्या रस्त्यावर रेंज नसते, तेव्हा प्रत्येक गाडीत एक छापील संच असू द्या.

घोळ होतो तो तारखांचा. पीयूसी बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना एक वर्ष चालतं, जुन्यांना सहाच महिने. व्यावसायिक गाडीचं लायसन्स २०१९च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांचं झालं, पण अनेक चालकांच्या खिशातलं लायसन्स कधी संपलं हे त्यांनाच माहीत नसतं. नॅशनल परमिट गाडी बारा वर्षांची होईपर्यंतच चालतं, मल्टी-अॅक्सल (दोनपेक्षा जास्त आसांची) असेल तर पंधरा. सगळ्या गाड्यांच्या आणि सगळ्या चालकांच्या तारखा एका कागदावर लिहा आणि तो कपाटाच्या दारावर आतून चिकटवा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागली आहे का आणि जुनी ई-चलानं थकली आहेत का, हेही त्याच कागदावर टिपा.

छोट्या गाड्यांबद्दल एक दिलासा. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. पिकअपवाल्यांनी हे लक्षात ठेवावं.

ई-वे बिल हा माल पाठवणाऱ्याचा विषय असला तरी अडते आपली गाडी. राज्याबाहेर ५०,००० रुपयांच्या वर आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर माल असेल तर ते लागतं. त्याची मुदत साधारण दर २०० किलोमीटरला एक दिवस. गाडी वाटेत बिघडून मुदत संपत आली, तर संपण्याआधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घेता येते. चालकाने फोन केला पाहिजे, एवढंच.

गाडीखाली काय पाहायचं

खरी तयारी इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

टायरपासून सुरुवात करू. ट्रकच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे. मोजायला पट्टी लागत नाही. टायरच्या कडेवर टीडब्ल्यूआय ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. त्याच्या सरळ रेषेत वर नक्षीच्या खाचेत रबराची बारीक आडवी उंचवटी असते. नक्षी घासून तिच्या पातळीला आली की टायर संपला. हे पाहायला चालक वाकतो ते बाहेरच्या टायरकडे. मागच्या जोडचाकांतला आतला टायर कोणी पाहत नाही, आणि फुटतो बहुधा तोच. लोखंडी रॉडने दोन्ही टायर ठोकून पाहायची जुनी सवय चांगली आहे, हवा कमी असलेल्या टायरचा आवाज दबका येतो. जोडचाकांच्या मध्ये अडकलेला दगड काढायला विसरू नका. खाणीच्या आणि शेताच्या रस्त्यावर तो रोज अडकतो, आणि वेगात एक तर टायर कापतो, नाही तर उडून मागच्या मोटारसायकलवाल्याला लागतो.

हवेबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. उन्हाळ्यात टायर फुटतात म्हणून हवा कमी ठेवायची, असं बरेच जण करतात. होतं उलटं. हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, जास्त वाकते आणि त्या वाकण्यानेच तापते. वरून चंद्रपूर-अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन आणि खाली समृद्धीचं तापलेलं काँक्रीट. हवा कंपनीने सांगितली तेवढीच भरायची आणि मोजायची ती पहाटे, टायर थंड असताना. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला, टायर पुढच्या चाकांना चढवू नका. मागे एक फुटला तर शेजारचा पेलतो, पुढचा फुटला तर स्टिअरिंगच हातातून जातं.

आता ब्रेक. एअर ब्रेकच्या गाडीत हवाच ब्रेक लावते, त्यामुळे हवा कुठे गळते हे शोधणं म्हणजेच ब्रेक तपासणं. सपाट जागेवर चाकांना लाकडी गुटके लावा आणि इंजिन चालू करून हवा पूर्ण भरू द्या. मग इंजिन बंद करा, एकाने ब्रेक दाबून धरायचा आणि दुसऱ्याने गाडीभोवती फिरायचं. रात्रीच्या शांततेत 'सूं' आवाज लगेच ऐकू येतो. चेंबरपाशी, नळीच्या जोडावर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात. हवेचा काटा स्थिर राहायला हवा, पाहता पाहता खाली आला तर गाडी सकाळी निघणार नाही. हवेच्या टाकीतलं पाणीही रोज सोडायचं. ते तसंच राहिलं तर व्हॉल्व्ह गंजतात. आणि चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओला डाग दिसला तर हबचं सील गेलं आहे, तेल लायनरवर, म्हणजे ब्रेकच्या अस्तरावर, पोचलं की ब्रेक लागत नाही.

पाटे पाहताना तुटलेली पट्टी शोधा आणि यू-बोल्ट सैल आहेत का ते पाहा. चाकाच्या नटाखालून तांबूस गंजाची रेघ बाहेर आलेली दिसली, तर तो नट सैल झाला आहे.

मग लाइट आणि टेप. आपल्याकडे हिवाळ्यात गाडी शेतापर्यंत जाते, आणि काळ्या मातीचा चिखल मागचा लाइट, नंबरप्लेट, लाल टेप सगळं झाकतो. चालकाला वाटतं टेप लावलेला आहे. मागून येणाऱ्याला काहीच दिसत नाही. टेप पुढे पांढरा, बाजूंना पिवळा, मागे लाल. रोज निघताना ओल्या फडक्याने पुसायचा. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि माझ्या मते सगळ्या तपासणीत सगळ्यात जास्त जीव वाचवणारं आहे, कारण उभ्या ट्रकला मागून धडकून माणसं दगावतात ती बहुधा अंधारात.

मागचा आणि बाजूचा लोखंडी गार्डही त्यासाठीच आहे, छोटी गाडी किंवा मोटारसायकल खाली घुसू नये म्हणून. जिनिंगच्या आवारात रिव्हर्स घेताना तो वाकतो, शेताच्या धुऱ्यावर घासतो, म्हणून काही जण कापूनच टाकतात. कृपा करून कापू नका. बिघाड झाल्यावर रस्त्यावर मांडायला गाडीत त्रिकोण ठेवा. दगड आणि झाडाच्या फांद्या मांडायच्या आणि गाडी सुरू झाली की तशाच सोडून जायच्या, हा पुढच्या अपघाताचा पाया आहे.

स्पीड गव्हर्नरची मर्यादा मालवाहू गाडीला ताशी ८० किलोमीटर, डंपर आणि टँकरला ६०. त्याची वायर तोडलेली असते तशीच बीएस-६ गाडीतल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या यंत्रणेशी छेडछाड केलेली असते. गाडीत असा कोणताही बेकायदा बदल मालकाच्या नावावर जातो.

वजन: इथे अंदाज चालत नाही

आरसीवर दोन आकडे असतात. एक गाडीचं एकूण वजन, म्हणजे गाडी आणि माल मिळून जास्तीत जास्त किती. दुसरं रिकामं वजन. पहिल्यातून दुसरं वजा केलं की माल किती ते निघतं. २०१८ मध्ये केंद्राने मर्यादा वाढवल्या आणि साध्या सहाचाकी ट्रकचं एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झालं. पण आपल्या गाडीच्या आरसीवर जो आकडा आहे तोच आपला. जुन्या आरसीवर जुनाच असेल तर शेजारच्या नव्या गाडीकडे पाहून माल भरू नका.

समजा, आरसीवर एकूण १८,५०० आणि रिकामं ६,५०० किलो आहे. माल १२,००० किलो. कापसाची गाठ १७० किलोची, म्हणजे सत्तर गाठी. सिमेंटच्या ५० किलोच्या २४० बॅगा. पण चालक, भरलेली टाकी, ताडपत्री, दोर यांचंही वजन आहे, त्यामुळे अगदी काठावर भरू नये. सोयाबीन ओलं असेल किंवा उघड्या ढिगातला कोळसा पावसात भिजलेला असेल, तर तोच हौदा टनाने जड होतो. लोहखनिजात तर हौदा अर्धाही भरलेला दिसत नाही आणि वजन कधीच ओलांडलेलं असतं. म्हणून डोळ्यांवर विसंबायचं नाही, भरल्यावर काट्यावर जायचं.

दंड किती? जादा वजन सापडलं की २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. दोन टन जादा असेल तर २४,०००. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देत नाहीत. तो उतरवायचा खर्च आपला, आणि माळरानावर उतरवलेल्या मालाची राखणही आपलीच. वजन करायला नकार दिला किंवा गाडी थांबवलीच नाही, तर ४०,०००. माल हौद्याबाहेर आला तर तो वेगळा गुन्हा आहे, त्यालाही २०,०००. मोकळ्या कापसाची फुगलेली गाडी वजनात बसते आणि इथे अडकते.

"पण भाड्यात परवडत नाही"

हा आक्षेप खोटा नाही. डिझेल वाढतं, टायर वाढतात, भाडं तिथेच राहतं, आणि "तू नेत नसशील तर दुसरा नेईल" हे ऐकून घ्यावं लागतं. तरीही हिशेब मांडून पाहा. वणी-नागपूर अशा जवळच्या फेरीत दोन टनांचं जादा भाडं २४,०००च्या जवळपासही जात नाही. न सापडलेल्या फेऱ्यांमध्येही पाटे, लायनर, टायर झिजतच असतात. ते बिल महिन्याच्या शेवटी वेगळ्या नावाने येतं, म्हणून जादा वजनाच्या खात्यात कोणी धरत नाही. शिवाय कायदा गाडी चालवणाऱ्याइतकाच ती चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्याला धरतो. भरणाऱ्याने दबाव टाकला तर काट्याच्या पावतीचा फोटो घ्या आणि फोनऐवजी मेसेजवर बोला. एकट्या मालकाचं भाडं कोणी वाढवत नाही हे खरं आहे. तालुक्याच्या संघटनेने मिळून मर्यादेतल्या वजनावर दर ठरवला तरच फरक पडतो.

"हातावर काही ठेवलं की सुटतो"

२०१८च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली लाच देणं हाही गुन्हा आहे. कोणी बळजबरीने घेतली असेल तर सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवणाऱ्याला त्यातून संरक्षण आहे. महाराष्ट्रात लाचलुचपत विभागाचा १०६४ हा क्रमांक त्यासाठीच आहे. आणि समजा सुटलो, तरी गळका ब्रेक चेंबर तसाच पुढे जातो. पुढच्या वळणावर त्याला पैसे देता येत नाहीत.

चालकाने सांगितलं, मालकाने ऐकलं का?

बहुतेक बिघाड चालकाला आधी कळलेला असतो. "शेठ, ब्रेक खाली जातो" असं तो सांगतो, आणि उत्तर मिळतं, "ही ट्रिप मारून ये, मग बघू." दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा तो सांगायचंच सोडतो. इथे सगळी तयारी कोसळते. दुसऱ्या कशानेही ती भरून निघत नाही.

उपाय एका वहीचा आहे. रोज गाडी लावताना चालकाने लिहायचं किंवा सांगायचं, तारीख, गाडी, काय जाणवलं. पुढच्या रकान्यात मालकाने लिहायचं, कोणी दुरुस्त केलं आणि कधी. लिहिता येत नसेल त्याने व्हॉइस मेसेज पाठवावा, घरातलं कोणीही ते उतरवून घेईल. दुसरा रकाना रिकामा असेल तर गाडी निघणार नाही, हा नियम मालकाने स्वतःवर घालून घ्यायचा. अपघात झालाच, तर गाडीची निगा राखली होती हे दाखवायला छोट्या मालकाकडे याशिवाय दुसरा कागद बहुधा नसतो.

चालकाची झोप हीसुद्धा तपासायची गोष्ट आहे. १९६१चा मोटार वाहतूक कामगार कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या व्यवसायाला लागू होता; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. त्या जुन्या कायद्यात दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा होती, लांब पल्ल्याला दहा आणि ५४ पर्यंत सूट होती, आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. चार माणसं असली म्हणून शरीर वेगळं होत नाही. फेरीवर पैसे देत असाल तर किमान फेरीची वेळ अशी ठरवा की त्यात झोप बसेल.

गाडी थांबवलीच तर

चालकाने गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावं, हँडब्रेक लावावा, खाली उतरून कागद द्यावेत. पळून जाऊ नये, हुज्जत घालू नये. अधिकारी काट्यावर न्यायला सांगू शकतो. त्यासाठी काटा पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरच्या आत किंवा माल पोचवायच्या ठिकाणापासून वीस किलोमीटरच्या आत असावा लागतो. कागद जमा करून घेतले तर त्याची पोच मागण्याचा हक्क आहे. ती घेतल्याशिवाय हलू नये.

चलानावर दोष कोणता लिहिला आहे ते चालकाने तिथेच वाचून फोटो पाठवावा. चुकीचा वाटला तर ऑनलाइन तक्रार करता येते किंवा न्यायालयात दाद मागता येते, पण त्यासाठी त्याच जागी काढलेले टायरचे, लाइटचे फोटो हाताशी लागतात. दोष खरा असेल तर त्याच रात्री दुरुस्त करा, वहीत लिहा, आणि बाकीच्या सगळ्या गाड्यांत तोच दोष शोधा. टायर एकाच दुकानातले असतात, लायनर एकाच मेकॅनिकने बसवलेले असतात, आणि एका गाडीचा गार्ड ज्या आवारात वाकला त्याच आवारात दुसरीही रोज रिव्हर्स घेत असते.